ग्राफवर क्लिक करा, आकडा पकडा: पंचगंगेच्या पातळीवर शिकूया मॅटप्लॉटलिबचे इव्हेंट

पायथॉनमध्ये मॅटप्लॉटलिब या लायब्ररीनं ग्राफ काढणं आता सगळ्यांनाच येतं, चार ओळीत रेघ उमटते, सेव्ह केली, रिपोर्टात चिकटवली, विषय संपला. पण त्याच ग्राफवर माउसनं टिचकी मारली की "इथं पातळी किती, वेळ कुठली" हे प्रोग्रामनं स्वतः पकडून लिस्टमध्ये टाकावं म्हटलं की बरीच पोरं अडतात. कुठून तरी दहा ओळी उचलून आणतात, आणि मग एकतर क्लिक केल्यावर काहीच होत नाही, नाहीतर भलताच आकडा येतो. आज त्या भलत्या आकड्यावरच जास्त बोलणार आहे, कारण क्लिक पकडायला एकच ओळ लागते भावांनो, बाकीची सगळी मेहनत असते ती नको असलेले क्लिक सोडून द्यायची.

उदाहरण आपलंच घेऊ. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलै उजाडला की प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर पातळीचे आकडे फिरायला लागतात, कुणीतरी ग्राफचा फोटो टाकतो, चिखली-आंबेवाडीकडची मंडळी तर दर दोन तासाला "आता किती?" विचारत असतात. यातून आपल्याला दोन कामं मिळतात. एक, आपल्याकडं तारीख-वेळ-पातळी-पाऊस अशी शीट आहे, तिचा ग्राफ काढून त्यावर क्लिक करून खुणा करायच्या, म्हणजे ३९ कधी ओलांडलं, ४३ कधी, सगळ्यात वर कधी गेलं. दुसरं, आकडे नाहीत, नुसता ग्राफचा फोटो आहे, त्यातनं आकडे परत काढायचे. दोन्हीला तंत्र एकच.

आधी एक बारकी गोष्ट. लायब्ररीची नावं इथं मी देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, अंडरस्कोर जिथं दाखवलाय तिथं तो टाकायचाच. तुमच्या स्वतःच्या फंक्शनला मात्र पायथॉन ३ मध्ये खरंच मराठी नाव देता येतं, डेफ क्लिक_झाला असं लिहिलं तरी चालतंय. फक्त काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारा जॉइनर घुसवतात आणि पायथॉन त्यावर सिंटॅक्स एरर देतं, दिसायला सगळं बरोबर आणि एरर कुठं ते कळत नाही, तर नावं साधी ठेवा.

पहिली अडचण खिडकीची. मॅटप्लॉटलिब ग्राफ ज्याच्या जोरावर दाखवतं त्याला बॅकएंड म्हणतात. टीकेॲग किंवा क्यूटीॲग असेल तर खरी खिडकी उघडते आणि माउस-कीबोर्ड तिच्यापर्यंत पोचतो. नुसतं ॲग असेल तर ते फक्त चित्र बनवतं, तिथं क्लिक नावाची भानगडच नाही. ज्युपिटर नोटबुकमध्ये इनलाइन मोड असतो तो पण चित्रच चिकटवतो, म्हणून तिथं तुम्ही बोट दुखेपर्यंत क्लिक केलं तरी हूं की चूं नाही. नोटबुकमध्येच काम करायचं असेल तर आयपीवायएमपीएल नावाचं पॅकेज टाकून सुरुवातीला मॅटप्लॉटलिब विजेट ही मॅजिक ओळ लिहायची, मग इव्हेंट, म्हणजे माउस-कीबोर्डनं काय केलं याच्या खबरी, येतात. पण शिकताना माझं ऐका, साधी डॉट पीवाय फाईल करा, टर्मिनलमधनं चालवा, निम्मी डोकेदुखी तिथंच संपते. उबुंटूवर असाल तर टीके वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, नाहीतर खिडकीच उघडत नाही. कुठला बॅकएंड चाललाय ते बघायला मॅटप्लॉटलिबचं गेट_बॅकएंड प्रिंट करून बघा, कुणाला मदत मागायच्या आधी हे एवढं तरी बघत जावा.

आता घाईचं काम असेल तर जीइनपुट. मॅटलॅब वापरलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल, तिथंही याच नावाचं आहे. पीएलटी (म्हणजे मॅटप्लॉटलिबचं पायप्लॉट) डॉट जीइनपुट, कंसात ३, असं लिहिलं की प्रोग्राम तिथंच थांबतो, तुम्ही तीन क्लिक करेपर्यंत वाट बघतो आणि तीन एक्स-वाय जोड्यांची लिस्ट परत देतो. डावं बटन बिंदू टाकतं, उजवं शेवटचा बिंदू काढून टाकतं, मधलं बटन काम थांबवतं. लॅपटॉपच्या टचपॅडला मधलं बटन कुठं असतंय, तर एंटर दाबा, तोही थांबवतो. बॅकस्पेस किंवा डिलीट म्हणजे शेवटचा बिंदू रद्द. आणि बाकी कुठलीही की दाबली तर कर्सर जिथं आहे तिथं बिंदू पडतो, हे माहीत नसलेले लोक उगाच स्पेस दाबतात आणि मग लिस्टमध्ये एक बिंदू जास्तीचा कुठनं आला म्हणून शोधत बसतात. संख्येच्या जागी उणे एक दिलं तर तुम्ही थांबवेपर्यंत कितीही क्लिक चालतात.

जीइनपुटचा टाइमआउट मात्र लक्षात ठेवा, सांगितलं नाही तर ३० सेकंद. तुम्ही ग्राफ निरखत बसलात, ३० सेकंद झाले, फंक्शन जेवढे क्लिक झाले तेवढे घेऊन परत येतं, कधी रिकामी लिस्ट पण येते, आणि पुढच्या ओळीत तुम्ही तीन बिंदू आहेतच असं धरलेलं असतं. टाइमआउट शून्य दिला की निवांत, कितीही वेळ थांबतं. याचंच एक भावंड आहे वेटफॉरबटनप्रेस, ते की दाबली तर ट्रू देतं, माउस दाबला तर फॉल्स, आणि वेळ संपली तर नन, म्हणजे काहीच नाही. "बघून झालं की कुठलीही की दाबा" असल्या कामाला बरं आहे. नोटबुकमध्ये मात्र जीइनपुटच्या नादाला लागू नका, थांबून वाट बघणं तिथं जमत नाही, अडकतं.

तीन-चार बिंदू घेऊन मोकळं व्हायचं असेल तर एवढं पुरतं. पण ग्राफ चालू राहिला पाहिजे, एका कीनं खूण पुसली पाहिजे, बिंदू ओढता आला पाहिजे असं काही असेल तर कॉलबॅक लिहायला लागतात, आणि खरी मजा तिथं आहे.

कॉलबॅक म्हणजे आपण एक फंक्शन लिहून ठेवायचं आणि कॅनव्हासला सांगायचं की अमुक घडलं की याला बोलव. फिग म्हणजे आपलं अख्खं चित्र, कॅनव्हास म्हणजे ते ज्यावर रंगतं तो पडदा, तर फिग डॉट कॅनव्हास डॉट एमपीएल_कनेक्ट, त्यात पहिलं इव्हेंटचं नाव स्ट्रिंग म्हणून, दुसरं आपलं फंक्शन, कंस न लावता नुसतं नाव. कंस लावला तर फंक्शन तिथंच, इव्हेंट न मिळताच बोलवलं जातं आणि एरर येते. माउस दाबला तर बटन_प्रेस_इव्हेंट, सोडला तर बटन_रिलीज_इव्हेंट, हलला तर मोशन_नोटिफाय_इव्हेंट, चाक फिरवलं तर स्क्रोल_इव्हेंट, की दाबली तर की_प्रेस_इव्हेंट आणि सोडली तर की_रिलीज_इव्हेंट. खिडकी बंद होताना क्लोज_इव्हेंट येतो, त्याचा उपयोग पुढं सांगतो. कनेक्ट केल्यावर एक नंबर परत मिळतो, तो जपून ठेवला तर एमपीएल_डिसकनेक्टनं नंतर तोडता येतं. आणि हे सगळं पीएलटी डॉट शोच्या वर लिहायचं, खाली नाही, कारण शो खिडकी बंद होईपर्यंत पुढं जाऊच देत नाही, खाली लिहिलेलं कनेक्ट चालेल तेव्हा खिडकी गेलेली असते.

आपल्या फंक्शनला एकच गोष्ट मिळते, इव्हेंट. त्यात एक्स आणि वाय हे कॅनव्हासवरचे पिक्सेल, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेले. एक्सडेटा आणि वायडेटा हे ग्राफच्या मापातले, म्हणजे तारीख आणि फूट. इनॲक्सेस म्हणजे कुठल्या चौकटीत (ज्यात ग्राफ काढलेला असतो ती, इंग्रजीत ॲक्सेस) क्लिक झाला ते. बटनमध्ये डावं १, मधलं २, उजवं ३. क्लिक चौकटीच्या बाहेर झाला, समजा टायटलवर किंवा आकड्यांच्या पट्टीवर, तर इनॲक्सेस, एक्सडेटा, वायडेटा तिन्ही नन असतात. म्हणून फंक्शनची पहिलीच ओळ अशी पाहिजे की इनॲक्सेस आपली चौकट नसेल तर रिटर्न. नुसतं नन आहे का एवढं बघू नका, आपलीच चौकट आहे का ते बघा, दोन ग्राफ वरखाली असले की फरक कळतो.

दुसरी ओळ टूलबारसाठी. टूलबारवरचं भिंग दाबून झूम करताना तुम्ही जो माउस दाबता तो पण बटन_प्रेस_इव्हेंट म्हणून तुमच्या फंक्शनकडं येतोच, लायब्ररी तो लपवत नाही. परिणाम असा की माणूस पुराचा आठवडा नीट बघायला झूम करतो आणि कोपऱ्यात एक खूण पडून बसते. फिग डॉट कॅनव्हास डॉट टूलबार डॉट मोड बघायचा, तो रिकामा नसेल तर झूम नाहीतर पॅन चालू आहे, रिटर्न. या दोन ओळी नसलेला कोड मला दिसला की पुढचं मी वाचतच नाही, आधी त्या टाकायला सांगतो.

आता दोन वाय-अक्षांचं प्रकरण, आपल्याकडं हे हमखास येतं कारण पाऊस आणि पातळी एकाच ग्राफवर बघायची सवय आहे. डावीकडं पातळी फुटात, उजवीकडं पाऊस मिलिमीटरमध्ये, उजवा अक्ष ट्विनएक्सनं काढलेला. तुम्ही पातळीच्या रेघेवर अगदी ४३ च्या टोकावर क्लिक करता आणि वायडेटा येतो १२०. लायब्ररी बरोबरच आहे हो, दोन चौकटी एकमेकांवर अगदी चपखल बसल्यात, वर आहे ती नंतर काढलेली म्हणजे पावसाची, इव्हेंट तिला मिळतो आणि वायडेटा तिच्याच मापात येतो. वर सांगितलेली "आपली चौकट नसेल तर रिटर्न" ही ओळ टाकली असेल तर मग काहीच होत नाही, प्रत्येक क्लिक बाद. यावर उपाय म्हणजे वायडेटावर विसंबायचंच नाही, पिक्सेल घ्यायचे आणि आपल्या चौकटीकडनं उलटं रूपांतर करून घ्यायचं. पातळीच्या चौकटीचं ट्रान्सडेटा (आकड्यांचे पिक्सेल करणारं रूपांतर), त्याचं इनव्हर्टेड, त्याचं ट्रान्सफॉर्म, आत इव्हेंटचे एक्स आणि वाय. परत येतात ते तारीख आणि फूट, चौकट वर कुठलीही असो. आणि गाळणी लावताना दोन्हीपैकी कुठलीही चौकट चालेल असं लिहायचं. जीइनपुटला पण हीच अडचण येते, तिथं पिक्सेल हातात मिळत नाहीत, म्हणून दोन अक्ष असतील तर सरळ कॉलबॅकवर या.

तारखेचं पण असंच. एक्स-अक्षावर तारीख असली तर एक्सडेटा तारीख म्हणून येत नाही, दिवसांची संख्या येते, १ जानेवारी १९७० पासूनची. म्हणजे ६ ऑगस्ट २०१९ सकाळी सहा वाजता क्लिक केलं तर १८११४.२५ असं काहीतरी दिसेल, पॉइंट पंचवीस म्हणजे पाव दिवस, सहा तास. जुन्या व्हर्जनमध्ये, म्हणजे ३.३ च्या आधी, मोजणी वेगळ्याच तारखेपासून व्हायची, त्यामुळं जुना कोड उचलला असेल तर हातानं वजाबाकी करत बसू नका, मॅटप्लॉटलिब डॉट डेट्समधलं नम२डेट वापरा, ते बरोबर तारीख देतं. त्या तारखेवर यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, शिक्का असतो आणि तो बघून हुशार माणूस लगेच साडेपाच तास मिळवतो. मिळवू नका. तुमच्या शीटमध्ये आपलीच घड्याळाची वेळ साधी लिहिलेली असेल तर ती तशीच आत गेली आणि तशीच बाहेर आली, शिक्का नुसता चिकटलाय, तो काढून टाका आणि वेळ आहे तशी घ्या.

हे जमलं की एक चांगलं काम होतं. राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की सगळ्यांचा प्रश्न एकच, ते पाणी राजाराम बंधाऱ्याला कधी दिसणार. तुमच्या शीटमध्ये दरवाजा उघडल्याची वेळ उभ्या रेघेनं दाखवा, तिच्यावर एक क्लिक, पातळी जिथनं वर वळली तिथं दुसरा क्लिक, दोन एक्सडेटाची वजाबाकी गुणिले २४, झाले तास. वेगवेगळ्या वर्षांचे ग्राफ काढून हेच केलं तर अंदाज यायला लागतो. बरोबरीनं पाऊसही पडत असतो आणि कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणीही येत असतं, तेव्हा सगळं श्रेय दरवाज्याला देऊ नका, पण व्हॉट्सॲपवरच्या ठोकाठोकीपेक्षा हे बरं.

फूट आणि इंचाचा एक घोळ इथंच सांगून टाकतो. बातमीत ४१ फूट ५ इंच असतं, शीट भरणारा ४१.५ लिहितो, आणि ग्राफला ते साडेएक्केचाळीस म्हणजे ४१ फूट ६ इंच वाटतं. दहा इंच असेल तर अजून मजा, ४१.१० आणि ४१.१ ग्राफला एकच. शीटमध्ये फूट आणि इंच असे दोन वेगळे कॉलम ठेवा आणि इंचाला १२ नं भागून मिळवा. उलट दाखवताना आधी सगळ्याचे इंच करा, पूर्णांकात आणा, मग १२ नं भागा, नाहीतर कधीतरी "४१ फूट १२ इंच" असं दिसतं आणि लोक हसतात.

आणि नुसता कर्सर फिरवताना फूट-इंच दिसावेत एवढंच पाहिजे असेल तर मोशन इव्हेंट लिहायची गरजच नाही. चौकटीला फॉरमॅट_कोऑर्ड म्हणून एक फंक्शन चिकटवता येतं, त्याला एक्स आणि वाय मिळतात, त्यानं एक स्ट्रिंग परत द्यायची, ती टूलबारवर आपोआप दिसते. दोन अक्ष असतील तर वरच्या चौकटीला चिकटवा, कारण विचारलं तिलाच जातं. मराठी अक्षरांचं मात्र बघून घ्या, ग्राफच्या आतल्या मजकुरात जोडाक्षरं आणि वेलांट्या बऱ्याच व्हर्जनमध्ये विस्कटतात, तिथं "फूट" लिहिण्यापेक्षा नुसते आकडे बरे दिसतात.

कीबोर्डकडं येऊ. की_प्रेस_इव्हेंटमध्ये इव्हेंट डॉट की ही स्ट्रिंग असते, साधं अक्षर असेल तर ते अक्षर, शिफ्टसोबत दाबलं तर कॅपिटल, कंट्रोलसोबत असेल तर "कंट्रोल प्लस अक्षर" या धाटणीचं, एंटर-एस्केप-डिलीट-बाण यांना त्यांची नावं. माउसची जागा पण याच इव्हेंटमध्ये येते, म्हणजे कर्सर बिंदूजवळ नेऊन डी दाबलं की तो बिंदू पुसायचा असं सहज करता येतं, हे मला क्लिकपेक्षा जास्त आवडतं, हात हलत नाही.

पण अक्षर निवडताना जपून. मॅटप्लॉटलिबनं बरीच अक्षरं आधीच आपल्याकडं ठेवलीत. एस म्हणजे सेव्हची खिडकी, क्यू म्हणजे ग्राफ बंद, जी म्हणजे जाळी, एल म्हणजे वाय-अक्ष लॉग, के म्हणजे एक्स-अक्ष लॉग, पी पॅन, ओ झूम, एफ फुलस्क्रीन, एच आणि आर म्हणजे मूळ दृश्य, सी मागं, व्ही पुढं. तुम्ही "क्यू दाबलं की क्वालिटी खराब अशी खूण" ठेवली तर खूण पडेल आणि पाठोपाठ खिडकीही जाईल. सोपा मार्ग म्हणजे मोकळी अक्षरं वापरा, डी, यू, एन, डब्ल्यू, एम ही चालतात. एस पाहिजेच असेल तर आरसीपॅराम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये) कीमॅप डॉट सेव्ह ही लिस्ट असते, तिच्यातनं ते अक्षर काढून टाका, हे पण ग्राफ उघडायच्या आधी.

की दाबून काहीच होत नसेल तर दोन गोष्टी बघा. खिडकीवर फोकस आहे का, म्हणजे एकदा ग्राफवर क्लिक करा मग की दाबा, नाहीतर अक्षरं टर्मिनलमध्ये उमटत असतात. आणि मराठी कीबोर्ड चालू राहिलाय का. ग्रुपवर मेसेज टाकायला इनस्क्रिप्ट केलेलं असतं, ते तसंच राहतं, मग डी च्या जागी देवनागरी अक्षर येतं नाहीतर बॅकएंडप्रमाणं आणि काही. शंका आली की फंक्शनमध्ये पहिली ओळ इव्हेंट डॉट की प्रिंट करायची टाका, दोन मिनिटात उलगडा.

बिंदू ओढायचा असेल तर तीन फंक्शनं. दाबल्यावर सगळ्यात जवळचा बिंदू शोधून "हातात" म्हणून ठेवायचा, हलल्यावर हातात काही असेल तरच त्याची जागा बदलायची, सोडल्यावर हात रिकामा करायचा. जवळचा शोधताना एक मोठी गोम आहे. एक्स दिवसात आहे, वाय फुटात, या दोघांवर पायथागोरस लावला तर अर्धा दिवस आणि अर्धा फूट सारखेच मोजले जातात, स्क्रीनवर मात्र अर्धा दिवस केसाएवढा असतो आणि अर्धा फूट बोटाएवढा. डोळ्याला जवळ दिसणारा बिंदू सोडून प्रोग्राम भलताच उचलतो. म्हणून बिंदूंचे आधी ट्रान्सडेटा डॉट ट्रान्सफॉर्मनं पिक्सेल करा, इव्हेंटच्या एक्स-वायपासून अंतर पिक्सेलमध्येच मोजा, आणि दहा पिक्सेलच्या आत असेल तरच उचला. हलवताना कर्सर चौकटीबाहेर गेला तर एक्सडेटा नन होतो, तिथं गपचूप रिटर्न.

हलवताना दर वेळी नवीन प्लॉट काढू नका, जुन्या रेघा तिथंच साचत जातात आणि थोड्या वेळानं ग्राफ खटारा एसटीसारखा रखडत चालतो. रेघ एकदाच काढायची, नंतर सेट_डेटानं तिचे आकडे बदलायचे आणि कॅनव्हासचं ड्रॉ_आयडल बोलवायचं. सेट_डेटाला एक्स-वाय दोन्ही लिस्ट म्हणून द्या, एकच बिंदू असला तरी. ड्रॉ_आयडल न लिहिल्यामुळं "क्लिक होतोय पण खूण दिसत नाही" ही तक्रार लई जणांची असते, खूण असते हो, पडदा रंगवलेला नसतो.

फक्त रेघेवरचे मोजलेले बिंदूच निवडायचे असतील तर पिक_इव्हेंट आहे, ते जोडरेघ न ठेवता नुसते ठिपके म्हणून काढा आणि पिकर म्हणून ५ द्या, मग तेवढ्या पॉइंटच्या (हे अंतराचं माप) आत क्लिक झाला की इव्हेंट डॉट इंडमध्ये बिंदूंचे क्रमांक येतात. अनेकवचन मुद्दाम लिहिलंय, गर्दीत दोन-तीन एकदम येतात, पहिलाच घेऊन मोकळं होऊ नका. डबलक्लिकचं पण ध्यानात ठेवा, पहिला दाब साधा क्लिक म्हणून येतोच, दुसऱ्यावर डबलक्लिकची खूण ट्रू असते, त्यामुळं साध्या क्लिकला "बिंदू टाक" आणि डबलला "सगळं पूस" असं ठेवलं तर गोंधळ ठरलेला.

एक अदृश्य भानगड अशी की कनेक्ट केलेली क्लासची मेथड मॅटप्लॉटलिब घट्ट धरून ठेवत नाही, सैल धरतं. तुम्ही क्लास लिहिला, त्याची मेथड कनेक्ट केली, पण तो ऑब्जेक्ट कुठल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलाच नाही, किंवा फंक्शनच्या आत तयार करून तिथंच सोडला, तर पायथॉन तो झाडून टाकतं आणि क्लिक बंद पडतात, एरर नाही काही नाही. ऑब्जेक्ट फाईलच्या वरच्या पातळीवर नाव देऊन ठेवा. बटन, स्लायडर, स्पॅनसिलेक्टर या तयार विजेट्सना पण हाच नियम.

आता फोटोतनं आकडे. फोटो इमशोनं दाखवला की वायडेटा म्हणजे फोटोचा पिक्सेल, वरनं खाली मोजलेला. आधी कॅलिब्रेशन, म्हणजे पिक्सेल आणि फूट यांचा मेळ घालणं. फोटोतल्या ग्राफवर ३९ ची आणि ४३ ची रेघ बहुतेक असतेच, दोन्हीवर एकेक क्लिक करा. समजा ३९ ला ४१२ पिक्सेल आला आणि ४३ ला ३००. म्हणजे ४ फुटाला ११२ पिक्सेल, एका पिक्सेलला अर्ध्या इंचापेक्षा जरा कमी. मग रेघेवर कुठं क्लिक केलं आणि ३५६ आला, तर ४१२ उणे ३५६ म्हणजे ५६, भागिले ११२, गुणिले ४, अधिक ३९, बरोबर ४१ फूट. एक्स-अक्षासाठी दोन ओळखीच्या तारखांवर तसंच. दोन खुणा जितक्या लांब घ्याल तितकी चूक कमी, ३९ आणि ४० घेऊन बसू नका. याच हिशोबातनं हे पण कळतं की या फोटोतनं पाव इंचाची अचूकता मागण्यात अर्थ नाही, क्लिक एक पिक्सेल इकडंतिकडं झाला तरी अर्धा इंच हलतो, त्यामुळं दशांशाच्या पुढं चार आकडे लिहून फुशारकी मारू नका. फोटो वाकडा काढलेला असेल तर आधी कुठल्याही ॲपमध्ये सरळ करून घ्या, ते तीन बिंदूंच्या गणितानं पण जमतं, पण सरळ करणं स्वस्त.

खुणेची किंमत टाइप करून घ्यायची असेल तर कॉलबॅकच्या आत इनपुट लिहू नका, खिडकी गोठते. सुरुवातीलाच, ग्राफ उघडायच्या आधी विचारून घ्या. तिथं कुणी मराठी आकड्यात ३९ टाइप केलं तरी फ्लोटला ते कळतं, हे पायथॉनचं मला आवडतं, पण कोडच्या आत लिहायचे आकडे मात्र इंग्रजीच लागतात.

शेवटी साठवण. क्लोज_इव्हेंटवर फाईल लिहिता येते आणि बरेच जण तेवढंच करतात. पण पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, डेस्कटॉपवर असाल तर सगळे क्लिक पाण्यात. मी तर प्रत्येक क्लिकला फाईल अपेंड मोडमध्ये उघडून एक ओळ लिहून बंद करा असंच सांगतो, माउसच्या वेगाला ते सहज झेपतं. ओळीत तारीख, पातळी, कुठल्या फोटोवरनं घेतलं त्याचं नाव, आणि कच्चे पिक्सेल पण लिहा. कॅलिब्रेशन चुकलं असं नंतर लक्षात आलं तर पिक्सेलवरनं सगळं परत काढता येतं, क्लिक पुन्हा करायला लागत नाहीत. बिंदू पुसला तर ओळ काढू नका, "रद्द" अशी वेगळी ओळ टाका, वाचताना गाळून घ्या.